बोगद्याच्या आधी

फोनवर व्हिडिओ बघताना बॅटरी कशाने संपते असं कुणालाही विचारा, बोट पडद्याकडेच जातं. पडदा खातो हे खरंच आहे. पण तोच फोन, पडद्याचा उजेड तेवढाच, लावलेलं कीर्तनही तेच, आणि तरीही ठाण्यात तो रात्री झोपेपर्यंत पुरतो आणि लांजा तालुक्यातल्या आमच्या गावी दुपारच्या जेवणालाच मान टाकतो. हे कोडं आईचं. "तिकडे पुरतो गो हा, इकडे आलो की का नाय पुरत?" गावातलं व्होल्टेज, दमट हवा, जुना झालेला चार्जर, अशी सगळी कारणं शेजारीपाजारी सांगून झाली होती.

माझं रोजचं काम फोनच्या रेडिओशी आहे. रेडिओ म्हणजे फोनचा तो भाग, ज्याच्या जोरावर तो टॉवरशी किंवा वायफायशी बोलतो. त्यामुळे आईचा फोन हातात घेतल्यावर मी आधी सेटिंग्जमध्ये शिरून सिमची माहिती उघडली. तिथे सिग्नलची ताकद उणे आकड्यात दिसते. ठाण्याच्या घरी खिडकीपाशी हा आकडा उणे 78 च्या आसपास असतो. गावी माजघरात तो उणे 116 होता, पडवीत उणे 108, आणि बाहेर खळ्यात, जिथून समोरच्या सड्यावरचा टॉवर दिसतो, तिथे उणे 99. हा आकडा डेसिबलचा आहे, म्हणजे दहाने खाली आला की सिग्नल दहावा हिस्सा उरतो. 78 पासून 116 पर्यंत यायचं म्हणजे फोनपर्यंत पोचणारी ताकद सहा हजार पटींहून जास्त घटली. वरच्या कोपऱ्यात मात्र दोन काड्या दिसत होत्या आणि कीर्तन चालू होतं, म्हणून कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं.

इतक्या क्षीण सिग्नलवर फोन दोन गोष्टी करतो आणि दोन्ही महाग आहेत. व्हिडिओ बघणं म्हणजे नुसतं घेणं असं आपल्याला वाटतं, पण फोनला सतत पोच द्यावी लागते: हा तुकडा मिळाला, तो खराब आला, परत पाठव. टॉवर लांब असेल तर ही पोच देताना तो जास्तीत जास्त जोर लावतो. 4जी फोनला साधारण 200 मिलिवॅटपर्यंत प्रक्षेपण करायची मुभा असते, आणि तेवढं ॲंटेनातून बाहेर पडायला बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट जास्त वीज काढावी लागते. दुसरी गोष्ट वेळेची. सिग्नल खणखणीत असेल तेव्हा टॉवर एका दमात भरपूर माहिती कोंबतो. सिग्नल पडला की चुका टाळण्यासाठी तो तीच माहिती विरळ करून, सावकाश पाठवतो. 480पी, म्हणजे मध्यम दर्जाच्या चित्राचा, चार सेकंदांचा तुकडा साधारण चार मेगाबिटचा धरला, तर सेकंदाला दहा मेगाबिटच्या वेगाने तो अर्ध्या सेकंदाच्या आत उतरतो. दीड मेगाबिटच्या वेगाने त्याच तुकड्याला पावणेतीन सेकंद लागतात. तेवढा वेळ रेडिओ पूर्ण जागा.

2010 साली ॲरन शुलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्या गटात मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूतल्या संशोधन केंद्रातले रामचंद्रन रामजी, वेंकट पद्मनाभन, विष्णू नावडा हेही होते. त्यांनी मोजून दाखवलं की सिग्नल कमजोर असेल तर एकेका बिटमागे लागणारी ऊर्जा सहापटीपर्यंत जाऊ शकते. तेव्हा 3जीचा जमाना होता, आजचे आकडे वेगळे असतील. पण दिशा तीच आहे. आईच्या कोड्याचं अर्धं उत्तर त्या निबंधात आहे.

उरलेलं अर्धं मला जास्त अस्वस्थ करतं.

आमच्या प्रयोगशाळेत फोनची बॅटरी काढून तिच्या जागी वीज पुरवणारं आणि त्याच वेळी मोजणारं यंत्र जोडतात. संगणकावर एक रेघ धावत राहते. फोन स्वस्थ असेल तर रेघ तळाशी. व्हिडिओचा तुकडा यायला लागला की ती एकदम वर उडते. तुकडा अर्ध्या सेकंदात येऊन संपतो आणि आता रेघ खाली येईल अशी आपण वाट बघतो. ती येत नाही. थोडी उतरते आणि मध्येच लटकून राहते. काहीही येत नाही, काहीही जात नाही, तरी रेडिओ आणखी काही येईल म्हणून कान लावून बसलेला असतो. 4जीवर हा काळ साधारण दहा सेकंदांचा असतो, तो फोन ठरवत नाही, नेटवर्क ठरवतं. मध्ये मध्ये त्याला क्षणाक्षणाच्या डुलक्या घेता येतात, तेव्हा रेघेला करवतीसारखे दाते पडतात. पण खरी झोप दहा सेकंदांनंतरच. असं ठेवण्याला कारण आहे. रेडिओ पुन्हा जागा करायचा तर टॉवरशी नव्याने निरोपांची देवाणघेवाण करावी लागते, त्यात वेळ जातो आणि टॉवरवरही भार येतो.

या लटकत्या भागाला संशोधक शेपूट म्हणतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या निरंजन बालसुब्रमणियन, अरुणा बालसुब्रमणियन आणि अरुण वेंकटरामाणी यांनी 2009 मध्ये 3जी फोनवर हे मोजलं, तेव्हा नेहमीच्या लहान डाउनलोडमध्ये जवळजवळ 60 टक्के ऊर्जा काम संपल्यानंतरच्या या शेपटीत जाते असं निघालं.

आता व्हिडिओ कसा येतो ते बघा. आज बहुतेक सगळं स्ट्रीमिंग तुकड्यातुकड्यांनी चालतं, एकेक तुकडा दोन ते दहा सेकंदांचा. सुरुवातीला प्लेअर भराभर साठा करतो, मग एक तुकडा दाखवून झाला की पुढचा एक मागवतो. म्हणजे तुकडा चार सेकंदांचा असेल तर दर चार सेकंदांनी मागणी. शेपूट दहा सेकंदांची, मागणी चार सेकंदांनी, तर रेडिओ झोपणार कधी? दोन तासांचं कीर्तन असेल तर दोन तास जागाच. विहिरीवरून तांब्या तांब्याने पाणी आणावं आणि प्रत्येक तांब्यासाठी रहाट फिरता ठेवावा, असा हा कारभार आहे. हंडा भरून एकदाच आणला तर? त्याच दहा मेगाबिटच्या वेगाने एका मिनिटाचा व्हिडिओ सहा सेकंदांत उतरतो. त्यात दहा सेकंदांची शेपूट धरा, म्हणजे साठातले सोळा सेकंद रेडिओ जागा आणि चव्वेचाळीस सेकंद निवांत. तीन मिनिटांचा एकदम घेतला तर 180 पैकी फक्त 28 सेकंद जागरण. चित्र तेच, आवाज तोच, उतरलेला डेटाही तेवढाच.

ठाण्याच्या घरासारखं वायफाय असेल तिथे परिस्थिती बरीच बरी आहे आणि त्यामागे जुना, शहाणा विचार आहे. राउटर साधारण दर 100 मिलिसेकंदांनी एक पुकारा करतो आणि त्यात कुणाकुणाच्या नावाचं टपाल साठलंय याची यादी असते. फोन तेवढ्यापुरता डोळे उघडतो, यादीत आपलं नाव नसलं की परत मिटतो. वायफाय 6 मध्ये तर फोन आणि राउटर आधीच वेळ ठरवून घेऊ शकतात की आता अमुक वेळाने भेटू. हे सगळं का करावं लागलं, ते मार्क स्टेम आणि रँडी कॅट्झ यांच्या 1997 च्या मोजमापात दिसतं. त्या वेळच्या वायरलेस कार्डाला नुसतं कान देऊन बसायला एक भाग वीज लागत असेल, तर खरोखर ऐकायला 1.05 भाग आणि बोलायला 1.4 भाग. म्हणजे काही न ऐकता जागं राहण्याचा खर्च जवळजवळ ऐकण्याइतकाच. पुढे 2002 मध्ये सुरेंदर चंद्रा आणि अमीन वहदत यांनी त्या काळातल्या व्हिडिओच्या प्रकारांवर काम केलं. माहितीची पाकिटं ठरावीक अंतराने, एकगठ्ठा पाठवली तर मधल्या वेळात कार्ड बिनधास्त झोपवता येतं, हे त्यांनी दाखवलं. स्मार्टफोन घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ज्ञान नव्हतं असं म्हणायला जागाच नाही.

मला हा सगळा विषय सर्वांत स्पष्ट कळतो तो कोकण रेल्वेत. गणपतीला दादा, वहिनी, भाचा आणि मी बरोबर जातो. भाचा खिडकीशी बसून कार्टून लावतो. माणगाव, वीर जाईपर्यंत ठीक चालतं. पुढे डोंगर सुरू झाले की फिरणारं चक्र पडद्यावर येतं आणि "आत्या, बघ ना गं" सुरू होतं. खेडच्या आधी नातूवाडीचा चार किलोमीटरहून लांब बोगदा, उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा. गाडी ताशी साठच्या वेगाने असली तरी करबुड्यात साडेसहा मिनिटं काळोख. बोगद्यात सिग्नल तुटला की फोन गप्प बसत नाही. तो नेटवर्क शोधत राहतो, रेडिओलहरींचा एकेक पट्टा चाचपतो. बाहेर पडताच अर्धवट सिग्नलवर राहिलेले तुकडे ओढायला लागतो, तेही सगळ्यात महाग जागी, दोन डोंगरांच्या फटीत. मग पुढचा बोगदा. रत्नागिरीला उतरून एसटी पकडेपर्यंत भाच्याच्या हातातला फोन गरम झालेला असतो, आणि पुढे गावी फोन करून "उतरलो, निघालो" एवढं कळवायलाही चार्ज उरलेला नसतो.

पण हा मार्ग काही आज नव्याने खणलेला नाही. पूर्ण मार्गावरून गाड्या 1998 पासून धावतायत, बोगदे जिथल्या तिथे आहेत. शुलमन आणि मंडळींच्या निबंधाचा गाभा नेमका हाच होता: ज्या वाटेने माणूस जातो त्या वाटेवर सिग्नल कुठे चांगला आणि कुठे वाईट हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. तर पुढे काय येणार हे ओळखून, सिग्नल चांगला असताना पुढचा व्हिडिओ आधीच उतरवून घ्यावा आणि वाईट पट्ट्यात रेडिओला हात लावू नये. प्रत्यक्ष प्रवासात नोंदवलेल्या सिग्नलवर त्यांनी ही पद्धत संगणकात चालवून पाहिली, तर 60 टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचू शकते असं दिसलं. चिपळूण स्थानकात गाडी उभी आहे, टॉवर जवळ आहे, तेव्हा वीस मिनिटांचं कार्टून एका दमात घ्यायचं. करबुडे येवो नाहीतर आणखी काही, पोराला चक्र दिसणार नाही आणि बॅटरीही राहील.

हे का होत नाही? फोनला सिग्नल कळतो, ॲपला तो फोनकडून विचारता येतो, बॅटरी किती उरली तेही विचारता येतं. आडवं येतं ते हिशेबाचं पुस्तक. माणूस व्हिडिओ अर्ध्यावर सोडतो, आणि फार वेळा सोडतो. वीस मिनिटं आधीच उतरवून ठेवली आणि तिसऱ्या मिनिटाला त्याने दुसरंच काही लावलं तर सतरा मिनिटांचा डेटा फुकट. तो पाठवायचा खर्च कंपनीच्या खात्यावर पडतो, म्हणून तुकडे लहान आणि साठा बेताचा. हा आक्षेप खोटा नाही. वाया गेलेला डेटा उतरवायलाही बॅटरीच लागलेली असते, आणि दिवसाच्या दीड जीबीवर चालणाऱ्या घरात तो डोळ्यांत येतो. छोट्या व्हिडिओंत, जिथे अंगठा सारखा वर सरकत असतो, तिथे पुढचे चार आधीच आणून ठेवणं उलट नुकसानीचं ठरतं. पण दोन तासांचं कीर्तन, तासाभराचा गणिताचा वर्ग, मालिकेचा भाग हे माणूस शेवटपर्यंत बघतो, हे ॲपला आपल्याहून जास्त माहीत असतं. तिथे तरी हंडा भरून द्यायला काय हरकत आहे? सर्व्हरचा खर्च मोजला जातो, नेटवर्कचा मोजला जातो, ग्राहकाच्या खिशातल्या बॅटरीचा खर्च कुणाच्याच ताळेबंदात बसत नाही. तो सोसतो ज्याचा सिग्नल कमजोर आहे तो, आणि बहुतेक वेळा त्याच्याच घरातली वीज आधी जाते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात खांब आडवे झाले आणि कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्याच महिन्यात शाळा फोनवर सुरू होत होत्या. ज्यांनी त्या दिवसांत गाडीच्या बॅटरीवर किंवा कुणाच्या जनरेटरवर फोन चार्ज करून आणला, त्यांना एका तासाच्या वर्गाने किती टक्के जातात हे तोंडपाठ असायचं. त्याच्या थोडं आधी, 24 मार्चला, देशातल्या मोठ्या व्हिडिओ कंपन्यांनी एकत्र बसून ठरवलं होतं की 14 एप्रिलपर्यंत मोबाइल नेटवर्कवर 480पीच्या वर चित्र द्यायचं नाही, म्हणजे टाळेबंदीत नेटवर्कवर ताण येणार नाही. चांगला निर्णय होता. माझ्या मनात तो राहिला तो वेगळ्या कारणाने: कळ होती, ती एका बैठकीत फिरवता आली. बॅटरीसाठी ती कुणी फिरवल्याचं मला आठवत नाही.

आता पडद्याकडे येते, कारण त्याचं खाणं मी नाकारत नाही. ओलेड पडद्यावर काळा भाग म्हणजे विझलेले ठिपके, तिथे वीज वाचते. साध्या एलसीडीवर मागचा दिवा सगळीकडे सारखाच जळतो, चित्र काळं असो की पांढरं. उजेड कमी ठेवला की दोन्हीकडे फायदा. आवळून पाठवलेलं चित्र उलगडण्याचं काम फोनच्या चिपमधल्या खास भागाकडे गेलं तर थोडक्यात भागतं, मुख्य प्रोसेसरवर पडलं तर फोन तापतो. म्हणून चित्र आवळण्याचा नवा, कमी डेटात चांगलं चित्र देणारा एव्ही1 प्रकार जुन्या स्वस्त फोनला सोयीचा असेलच असं नाही. 2003 पासूनचा एच.264 त्याला जास्त मानवतो. एवढं पुरे.

मला सांगायचं आहे ते आईच्या ओट्याबद्दल. सकाळी ती भाजी चिरते तेव्हा फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा असतो. कीर्तन चालू असतं. ती विळीवर खाली बसलेली, नजर फणसाच्या कुयरीवर, हात तेलाचे. पडदा तिच्या डोक्याच्या वर, भिंतीकडे तोंड करून जळत असतो. बुवांचा चेहरा, टाळकरी, मागचा फलक, सगळं पूर्ण उजेडात, बघायला स्वयंपाकघरात कुणी नाही. "पडदा बंद कर ना," म्हटलं तर म्हणाली, "बंद केलं की बुवा गप्प होतात." अनेक ॲपांत पडदा विझला की आवाज थांबतो आणि चालू ठेवायचा असेल तर दरमहा वेगळे पैसे मागतात. नुसता आवाज लागतो 480पीच्या व्हिडिओच्या दहाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी डेटा. पडदा नाही, चित्र उलगडणं नाही, आणि आवाज एकदम उतरवून घेतला तर रेडिओलाही जवळजवळ पूर्ण विश्रांती. ऊर्जा वाचवण्याचा याहून सोपा उपाय मला या सगळ्या क्षेत्रात ठाऊक नाही, आणि नेमका तोच पैशाच्या दाराआड ठेवलेला आहे. याचा मला राग आहे. जाहिराती पडद्यावर दिसतात हे मला कळतं, कंपन्यांना पोट आहे हेही कळतं. तरी पावसाळ्यात लाइट गेलेल्या घरात, डॉक्टरला फोन करायला राखून ठेवावी अशी बॅटरी कुणी न बघणाऱ्या चित्रावर जाळायला लावणं मला पटत नाही. बॅटरी सेव्हर चालू असेल तेव्हा तरी आवाज फुकट राहू द्या, एवढी मागणी मी दिसेल त्या ॲपच्या प्रतिक्रियेच्या खिडकीत लिहिते.

तोवर आमच्या घरापुरतं जे करता येतं ते केलंय. आईची कीर्तनं ठाण्यात वायफायवर असतानाच उतरवून ठेवतो, दर्जा 480पी, कारण सहा इंचांच्या पडद्यावर हाताच्या अंतरावरून त्याहून जास्तीचं तिला दिसतही नाही. जी मंडळी आपली कीर्तनं नुसत्या आवाजाच्या रूपात देतात, त्यांची तिच्या मेमरी कार्डात भरली आहेत आणि ती साध्या म्युझिक प्लेअरवर पडदा विझवून चालतात. गावी 5जी येतं आणि जातं, आणि काही नेटवर्कांवर 5जी चालू असताना फोन 4जीचीही गाठ सोडत नाही, म्हणून तिथे पोचल्यावर फोन 4जीवरच ठेवायचा. ऑटोप्ले बंद. काही थेट बघायचंच असलं, क्रिकेट नाहीतर पंढरपूरची एकादशी, तर खळ्यात बसून. तिथले ते उणे 99 माजघरातल्या 116 पेक्षा पन्नास पटींनी चांगले आहेत. वहिनीने तिथे फोन ठेवायला लाकडी फळी ठोकून घेतली आहे, वर पन्हळ, म्हणजे पागोळ्या लागत नाहीत.

गणपतीच्या गाडीत बसणाऱ्यांसाठीही हेच. मुलांचं जे काही असेल ते घरून निघताना वायफायवर उतरवा, आणि राहिलंच तर पनवेलला गाडी थांबते तेव्हा. माणगाव सुटलं की विमान मोड लावा आणि उतरवलेलं बघा. गावाला फोन करायचा असेल तर चिपळूण किंवा संगमेश्वर स्थानकात गाडी उभी असताना करा, उक्षी सुटल्यावर नको. डब्यातले चार्जिंगचे पॉइंट रात्री बऱ्याच गाड्यांत बंद ठेवतात, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नका.